दुसराच ठसा

मी शाळेत पीटी शिकवते आणि वर्षातून काही आठवडे टेनिसच्या रेषेवर उभी राहते. पहिली गोष्ट लोकांना कळते, दुसरी समजावून सांगावी लागते. आमच्या कोळीवाड्यात तर अजूनही मी 'टेनिस खेळायला जाते' असंच समजतात. मी रॅकेट शेवटची कधी हातात धरली ते मलाही आठवत नाही. कॉलेजात मी कबड्डी खेळायचे. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, बीपीएडला असताना एका सरांनी अंपायरिंगच्या शिबिराला पाठवलं, तिथे माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणाले, आणि मी त्यात अडकले ती अडकलेच.

काम सोपं दिसतं. वाकून उभं राहायचं, हात गुडघ्यांवर, डोळे रेषेवर. चेंडू बाहेर पडला की मोठ्याने 'आउट' ओरडायचं आणि हात बाजूला लांब करायचा. आत पडला तर आवाज नाही, फक्त तळवे जमिनीकडे. खेळाडूशी बोलायचं नाही. ती आपल्याशी बोलली, ओरडली, तरी उत्तर द्यायचं नाही. उंच खुर्चीत बसलेल्या मुख्य अंपायरने काही विचारलं तर तेवढंच सांगायचं आणि गप्प राहायचं. याला एक अपवाद आहे. खेळाडूने शिवीगाळ केली आणि ती मुख्य अंपायरला ऐकू गेली नाही, तर लाइन अंपायरने, म्हणजे आमच्यासारखीने, आपली जागा सोडून खुर्चीपर्यंत चालत जायचं आणि ती सांगायची. तसा नियमच आहे, त्यात आपली मर्जी चालत नाही.

मोठ्या स्पर्धांमध्ये आता कॅमेरे आणि यंत्रं रेषा बघतात. 'आउट' हा शब्दसुद्धा रेकॉर्ड केलेला असतो. आमच्यासारख्यांना छोट्या व्यावसायिक स्पर्धा उरल्यात. तीन वर्षांपूर्वी तशीच एक महिलांची स्पर्धा किहीमजवळच्या एका खाजगी क्लबवर भरली. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. एरवी मी पुणे, मुंबई, बडोदा असे दौरे करायचे. शाळेतून रजा मिळवताना हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघायला लागायचं. आता स्पर्धा दारात आली म्हणून मी इतकी खूश होते की मावशीला म्हटलं, "या वेळी तू बघायला ये."

आई गेल्यापासून मावशीच माझं घर. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, अलिबागच्या बाजारात बसून विकायची, पावसाच्या आधी सुकवून ठेवायची, असं तिने पन्नास वर्षं केलंय. टेनिस तिने कधी पाहिलं नव्हतं. ती उपांत्य सामन्याच्या दिवशी आली, आणि शेजारच्या तिघींना घेऊन आली. चौघी हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत, अंबाड्यावर अबोलीच्या वेण्या, सगळ्यात पुढच्या बाकावर. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून आलेले क्लबचे मेंबर गॉगल लावून मागे बसले होते. मला अभिमानही वाटत होता आणि थोडं अवघडल्यासारखंही होत होतं. त्यातलं अवघडलेपण मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही.

सामना होता पुण्याची एक मुलगी आणि युरोपातून आलेली एक शांत, उंच मुलगी यांच्यात. पुण्याची मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, देशात चांगलं नाव असलेली, मराठी बोलणारी. साहजिकच सगळं मैदान तिच्या बाजूने. मावशीसुद्धा. "आपली पोर कंची? ती निली टोपी? मंग तीच जिंकंल," असं तिने पहिल्या पाच मिनिटांतच जाहीर केलं होतं.

ते कोर्ट लाल मातीचं होतं. विटांच्या भुकटीचं म्हटलं तरी चालेल. मातीच्या कोर्टावर चेंडू टप्पा घेतो तिथे त्याचा ठसा उरतो, लांबट, अंगठ्याएवढा. वाद झाला की मुख्य अंपायर खुर्चीवरून उतरून तो ठसा तपासतो. ठसा रेषेला थोडासाही शिवला असला तर चेंडू आत. पद्धत चांगली आहे. फक्त योग्य ठसा शोधावा लागतो, कारण कोर्टावर आधीच्या चेंडूंचेही ठसे असतात. त्या दिवशी वारा होता, माती सारखी सुकत होती आणि एका सेटनंतर दुसऱ्या सेटपर्यंत ती नीट झाडलीही गेली नव्हती.

दोघींनी एकेक सेट घेतला. तिसऱ्यात दोन-दोन गेम झाले होते. युरोपातली मुलगी माझ्या बाजूला होती आणि सर्व्हिस तिची होती. पुण्याच्या मुलीला तो गेम जिंकायला एकच गुण हवा होता. तिने समोरून एक जोरदार फटका मारला, कोपऱ्यात. समोरची पोचूच शकली नाही. चेंडू बेसलाइनच्या, म्हणजे मी सांभाळत होते त्या मागच्या रेषेच्या, मागे पडला. किती मागे? दोन बोटं. माझ्यापासून सहा-सात पावलांवर. मी 'आउट' ओरडले आणि हात लांब केला.

आजही डोळे मिटले की तो ठसा मला दिसतो. त्याच्या आणि रेषेच्या मध्ये लाल मातीची स्वच्छ पट्टी होती. आम्हाला शिकवलेलं असतं तसं मी त्या ठशावरून नजर हलवली नाही. अंपायरने विचारलं असतं तर एका क्षणात बोट दाखवलं असतं.

पण त्याआधीच पुण्याची मुलगी जाळं ओलांडून या बाजूला आली. हे करायचं नसतं. समोरच्याच्या बाजूला पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे. ती तरातरा आली आणि माझ्या ठशापासून वीतभर डावीकडे असलेल्या एका ठशाभोवती तिने रॅकेटने गोल काढला.

"हा बघा! हा बघा! रेषेवर आहे!" ती मुख्य अंपायरला इंग्रजीत सांगत होती. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "दिसत नाही का तुम्हाला?"

तिने दाखवलेला ठसा खरंच रेषेला शिवलेला होता. तो आधीच्या गुणाचा होता. तो चेंडू पडला तेव्हा मीच तळवे खाली करून 'आत' दाखवलं होतं. मला दोन्ही ठसे, दोन्ही चेंडू माहीत होते. मुख्य अंपायर दक्षिणेकडचे, वयस्क, सभ्य गृहस्थ. ते खुर्चीवरून उतरले, गोल काढलेल्या ठशापाशी वाकले, चष्मा वर करून पाहिलं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. विचारा, मनात म्हणत होते, एकदा तरी मान वर करून मला विचारा की कुठला ठसा.

त्यांनी विचारलं नाही. उभे राहिले आणि बोट वर करून चेंडू आत असल्याची खूण केली. गुण आणि गेम पुण्याच्या मुलीला. जाळं ओलांडल्याबद्दल तिला ताकीद दिली. ज्या ठशापर्यंत येण्याबद्दल ताकीद, तोच ठसा त्यांनी मान्य केला.

आणि तेव्हा बाकावरून मावशी उठली.

"ओ साहेब! बॉल भायेर हाय! कोल्याची पोर हाय ती, दोन कोसावरची होडी वलखते!"

सगळे हसले. मागचे गॉगलवाले जास्तच. पुण्याची मुलगी अजून आमच्याच बाजूला उभी होती. तिने मावशीकडे पाहिलं, चौघींच्या लुगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुख्य अंपायरांनी 'शांतता राखा' म्हटलं. युरोपातली मुलगी एकदा खांदे उडवून आपल्या जागेवर गेली. सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर झाला होता आणि सगळ्यात कमी ती बोलली.

सामना पुढे गेला. पुण्याच्या मुलीचे चार गेम झाले, समोरचीचे तीन. मग तिची लय बिघडली. स्वतःच्या सर्व्हिसचा गेम हरली तेव्हा तिने रॅकेट जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा, मोडेपर्यंत. टेनिसमध्ये शिक्षेची शिडी असते. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी एक गुण जातो, तिसऱ्या वेळी आख्खा गेम. ताकीद आधीच झाली होती, म्हणून रॅकेटपायी एक गुण गेला. पुढचा गेमही गेला. आता समोरचीचे पाच, हिचे चार. अजून एक गेम गेला की सामना संपणार.

त्या गेमला बाजू बदलून ती माझ्या पुढ्यात आली. सर्व्हिस तिची. पाठमोरी, माझ्यापासून तीन-चार हातांवर. मी तिच्या बुटांकडे आणि रेषेकडे बघत होते, कारण सर्व्हिस करताना पाय रेषेला लागला तर तेही मलाच सांगायचं असतं. एकदाही लागला नाही. पहिल्या वादानंतर मी तिच्या विरोधात एकही कॉल दिला नव्हता हे मला इथे नोंदवायचंच आहे, कारण पुढे ते कोणीच ऐकून घेतलं नाही.

ती तीस-पंधरा अशी पुढे होती. मग एक सोपा चेंडू तिने जाळ्यात घातला. तीस-तीस. ती मागे आली, मान खाली, आणि जमिनीकडे बघत एक शिवी दिली. आईवरची, आपल्याकडे रस्त्यात ऐकू येते तीच. मग भिंतीपाशी पडलेला चेंडू उचलायला माझ्या बाजूने जाताना तिने मान वर केली. माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाली, "मासे विकायला जा ना. इथे काय करतेस?"

ती पुढे गेली. मी दोन क्षण तशीच वाकलेली राहिले. मग ताठ झाले आणि मुख्य अंपायरच्या खुर्चीकडे चालायला लागले.

लाइन अंपायर चालायला लागली की सगळं मैदान गप्प होतं. माझ्या बुटांखाली माती कुरकुरत होती. खुर्चीपाशी पोचल्यावर मी इंग्रजीत सांगितलं की खेळाडूने शिवी दिली आहे.

"शब्द काय होते?" त्यांनी विचारलं.

मी शिवी सांगितली, मग तिचा इंग्रजी अर्थ सांगितला.

"तुम्हाला उद्देशून?"

मी म्हटलं, "हो."

आता इथे मला थांबायला हवं. शिवी मला उद्देशून नव्हती. ती जमिनीला होती, जाळ्यात गेलेल्या चेंडूला होती, तिच्या स्वतःच्या मनगटाला होती. मला उद्देशून जे होतं ते दुसरंच होतं, आणि ते मी सांगितलंच नाही. काय सांगणार होते? 'ती मला मासे विकायला जा म्हणाली'? त्या भल्या माणसाने इंग्रजीत विचारलं असतं, यात अपशब्द कोणता?

स्पर्धेच्या पर्यवेक्षकांना बोलावलं गेलं. ते मुंबईचे, मराठी येणारे. पुण्याची मुलगी त्यांच्याशी हातवारे करून बोलत होती.

"सर, मी स्वतःला बोलले! माझी मीच! ही मघाच्या कॉलचा राग काढतेय. तिला मघाशी अंपायरने खोटं पाडलं ना, म्हणून!"

"शिवी दिलीस का?"

"स्वतःला!"

"मैदानावर ऐकू जाईल अशी दिलीस का, एवढंच सांग."

तिने मान खाली घातली. स्वतःला दिली तरी ऐकू गेली तर ती शिक्षेला पुरते. तिसरी वेळ होती. मुख्य अंपायरांनी माइक जवळ ओढून गेमचा दंड सांगितला आणि त्याच वाक्यात सामना संपल्याचं जाहीर केलं. तीस-तीसवर. एकही चेंडू पुढे न खेळता.

लोकांनी हुर्यो उडवली. कोणीतरी प्लास्टिकची बाटली आत फेकली. युरोपातल्या मुलीने जाळ्यापाशी येऊन हात पुढे केला. पुण्याची मुलगी हात न देता पिशवी उचलून निघून गेली. मावशी बाकावरून मला हाका मारत होती. "अगं, आपली पोर हरली का? कशानं हरली? बॉल तं कुठं पडलाच न्हाय!"

संध्याकाळी पर्यवेक्षकांनी क्लबच्या ऑफिसात बोलावलं. समोर छापील फॉर्म ठेवला. झालेला प्रकार लिहून द्यायचा होता.

मी विचारलं, "सर, पहिल्या कॉलचंही लिहू का? अंपायरनी दुसराच ठसा तपासला. मला विचारलंच नाही."

"त्याचं इथे काही नाही. तो निर्णय झाला, संपला."

"पण ती म्हणते मी त्याचा राग काढला. मग ठसा कोणता होता याचा संबंध येतोच ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही नियमाने वागलात. मी तुमच्या बाजूचा आहे. पण आता त्या ठशावर दिवसभर पाय पडलेत, कोर्टवर पाणी मारून झालंय. मी काय तपासू? शिवीचं लिहा, सही करा. आणि उद्या फायनलला तुम्ही आराम करा."

"म्हणजे मला काढलं?"

"आराम करा म्हटलं."

मी शिवीचं लिहिलं. 'उद्देशून' या शब्दापाशी पेन अडखळलं. खुर्चीपाशी एकदा हो म्हटलं होतं, तेच पुन्हा लिहिलं. सही केली.

घरी आले तर मावशी अंगणात काठीवर बोंबील उलटेपालटे करत होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तशीच म्हणाली, "ल्हान पोर हाय. शिवी दिली त दिली. जाऊन सांगायचं काय नडलं व्हतं तुला?"

"नियम आहे तसा."

"नियम! बंदरावर रोज सकाली आमी किती शिव्या देतो, घेतो. कोण कोनाला सांगायला जातं?"

मला रडू यायला लागलं. रागाचं. मग मी सगळं सांगितलं. शिवीने मला काही झालं नव्हतं, ती मला मासे विकायला जा म्हणाली, हे सांगितलं. ते बोलून झाल्यावर मला वाटलं, आता तरी मावशी त्या पोरीचा उद्धार करेल.

मावशीच्या हातात बोंबील तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, न समजल्यासारखी.

"मंग? मासलीच इकतो ना आपुन?" ती म्हणाली. "त्यात शिवी कंची?"

मी 'तिने ते वाईट अर्थाने म्हटलं' असं काहीतरी पुटपुटले. मावशी म्हणाली, "तिनं कसं पन म्हनूंदे. तू कसं घेतलंस?" आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. तेव्हापासून आजपर्यंत तिने हा विषय काढला नाही. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी शाळेत गेले तर व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. मी खुर्चीकडे चालत जाते एवढाच तुकडा. त्याच्या आधीचं काही नाही. कोणीतरी खाली लिहिलं होतं की आपल्याच माणसाने आपल्या मुलीला हरवलं. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, कानात बोळे घालायचे ना!" आणि हसले. म्हसळ्याला माझ्यासारखीच पीटी शिकवणारी एक मैत्रीण आहे, तिने फोन करून विचारलं, "खरं सांग, थोडा राग होता ना?" मी 'नाही' म्हणून फोन ठेवला. पुन्हा लावला आणि 'होता' म्हटलं. ती म्हणाली, "मग झालं तर." काय झालं तर? मला त्या तीन शब्दांचाही राग आला.

कारण दोन गोष्टी होत्या आणि लोक त्यांची एकच गोष्ट करत होते. चेंडू बाहेर होता. हे माझ्या रागावर, माझ्या जातीवर, मावशीच्या आरडाओरड्यावर, कशावरही अवलंबून नव्हतं. आणि शिवी मला नव्हती, हेही तितकंच खरं होतं. पहिली खरी गोष्ट मला कोणी विचारली नाही. दुसरी विचारली तेव्हा मी खोटं बोलले. शिवीनंतरचं ते वाक्य ती बोललीच नसती, तर मी खुर्चीपर्यंत चालत गेले असते का? नियमाप्रमाणे जायलाच हवं होतं. पण गेले असते का?

पुढच्या वर्षी हिवाळ्यात मी पुण्याला एका स्पर्धेवर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अंपायरांच्या तंबूबाहेर चहाचा कप घेऊन बसले होते, तर ती समोर आली. निळी टोपी नव्हती. केस कापले होते. मला ओळखून थबकली आणि मग सरळ माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही अलिबागच्या ना?"

"हो."

"त्या दिवशीबद्दल सॉरी. मी फार घाणेरडी वागले. माझे बाबा घरी गेल्यावर खूप बोलले मला." ती एका दमात बोलली, बहुतेक पाठ केल्यासारखं. मग थांबून म्हणाली, "पण तो बॉल आत होता हं."

मला हसू आलं नाही. "बाहेर होता," मी म्हटलं. "तू दाखवलास तो आधीच्या रॅलीचा ठसा होता. खरा ठसा त्याच्या उजवीकडे होता, वीतभर."

"अंपायरनी उतरून बघितला ना पण!"

"तू गोल काढलास तोच बघितला."

"मग तुम्ही तेव्हाच सांगायचं ना?"

"मला बोलता येत नाही. विचारल्याशिवाय नाही."

तिला हे माहीत असणार, ती लहानपणापासून खेळतेय. पण ती अशी बघत राहिली की जणू हे ती पहिल्यांदाच ऐकतेय. मी कप खाली ठेवला. तिने माफी मागितली होती, तेव्हा आता विचारायला हरकत नव्हती.

"आणि ते मासे विकायचं?"

"काय मासे?"

"तू मला म्हणालीस, मासे विकायला जा."

तिचा चेहरा कोरा होता. मी वीस वर्षं शाळेत मुलांना खोटं बोलताना बघतेय. हा चेहरा तसा नव्हता. "मी? नाही हो ताई. असं कशाला म्हणेन मी?" ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. "शिवी दिली ते आठवतंय. ते तुम्हाला नव्हतं पण."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"काय माहीत आहे?"

"शिवी मला नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी अंपायरला मला उद्देशून म्हणून सांगितलं."

तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. मागच्या कोर्टावर कोणीतरी गुण जिंकून ओरडलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग राग, आणि तो राग मला ओळखीचा वाटला.

"मग फायनल तुमच्यामुळे गेली माझी," ती म्हणाली.

"शिवी नुसती ऐकू गेली असती तरी दंड झालाच असता. तू स्वतः कबूल केलंस."

"तरीपण. तुम्ही खोटं सांगितलंत."

"हो."

"आणि मला म्हणताय तो ठसा खोटा."

तिच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला होता. एका बाईने एकदा खोटं सांगितलं की तिचे दोन्ही शब्द गेले. ती आणखी काही म्हणणार होती, तेवढ्यात माझ्या सामन्याची घोषणा झाली. मला चौथ्या कोर्टावर जायचं होतं. मी उठले. ती बाजूला झाली, वाट दिली. चांगल्या घरची मुलगी.

त्या आठवड्यात हॉटेलच्या खोलीत बसून मी पर्यवेक्षकांना पत्र लिहिलं. दोन्ही गोष्टी लिहिल्या: ठसा कुठला होता ते, आणि शिवी मला उद्देशून नव्हती हे. मासे विकण्याचं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, शेवटी पत्रात तसंच ठेवलं. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं, निकाल अंतिम असतो, प्रामाणिकपणाबद्दल आभार.

त्यानंतरच्या वर्षी मला दोनच स्पर्धांना बोलावलं. पत्रामुळे की यंत्रांमुळे, ते विचारलं तर 'बजेट' म्हणतात. यंदा मी खुर्चीत बसणाऱ्या अंपायरच्या परीक्षेला बसले. लेखी पास झाले, इंग्रजी तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकाने विचारलं, खेळाडूने ठशावर आक्षेप घेतला तर तुम्ही प्रथम काय कराल? मी म्हटलं, लाइन अंपायरला विचारेन. त्यांना पुस्तकातला क्रम हवा होता: आधी खेळ थांबवणं, मग घोषणा, मग खाली उतरणं. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणाले, पण अपुरं होतं. मी वाद घातला. घालायला नको होता.

पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. फॉर्म भरलाय.